घरासमोरचा रस्ता कोणाचा? पार्किंगविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच गाडी लावण्याच्या जागेवरून होणाऱ्या भांडणांची होती. त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. कायद्याची कलमे दिली आहेत ती अर्जात जशीच्या तशी लिहिता यावीत म्हणून.

प्रश्न : आमचा बंगला आहे आणि तीस वर्षे घरपट्टी भरतो आहोत. समोरच्या इमारतीतले लोक आमच्या कुंपणाला लागून दिवसरात्र गाड्या लावतात, कधी कधी फाटकही अडते. आम्ही कुंड्या आणि साखळी लावली तर पालिकेचे कर्मचारी येऊन घेऊन गेले. आमच्या समोरच्या जागेवर आमचा काहीच हक्क नाही का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कुंपणालगतच्या रस्त्यावर तुमचा हक्क नाही. घरपट्टी तुमच्या मिळकतीवर आहे, ती कितीही वर्षे भरली तरी कुंपणाबाहेरचा डांबरी रस्ता सार्वजनिकच राहतो. रस्त्यावर कुंडी, साखळी, दगड, जुने टायर किंवा सिमेंटने भरलेला डबा ठेवणे हे अतिक्रमण ठरते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २३० आणि २३१ खाली आयुक्तांना अशा वस्तू नोटीस न देताही उचलता येतात. मुंबईत हेच काम १८८८ च्या कायद्यातील कलम ३१३ आणि ३१४ करतात. म्हणजे कर्मचाऱ्यांनी केले ते नियमाला धरूनच होते.

फाटकाचे मात्र वेगळे आहे. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ मधील विनियम २२ नुसार कोणत्याही जागेच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावता येत नाही. तिथे पाटी असो वा नसो, नियम लागू असतो. त्यामुळे तक्रार करताना ‘आमच्या घरासमोर गाड्या लावतात’ असे लिहू नका. त्यावर कोणी काही करू शकत नाही. ‘आमच्या ३ मीटर रुंद फाटकासमोर अमुक क्रमांकाचे वाहन अमुक वेळेपासून उभे आहे, वाहन आत-बाहेर नेता येत नाही’ असे लिहा. मोटार वाहन कायद्याचे कलम १२२, म्हणजे अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे करणे, याचा उल्लेख करा. फोटोत फाटक, गाडीची नंबर प्लेट आणि रस्ता तिन्ही एकाच चौकटीत आले पाहिजेत. नुसत्या नंबर प्लेटच्या फोटोवरून अडथळा सिद्ध होत नाही. गाडी त्याच क्षणी बाहेर काढायची असेल तर ११२ वर फोन करा.

कायमचा उपाय म्हणजे फाटकासमोर पिवळे पट्टे मारून घेणे. क्षेत्रीय कार्यालयाच्या पथ विभागाला आणि वाहतूक शाखेला एकाच मजकुराचा अर्ज द्या. फाटकाच्या रुंदीबरोबरच दोन्ही बाजूंना एकेक मीटर मागा. फाटकाच्या खांबाला टेकून गाडी लागली की गाडी वळवून आत घेता येत नाही, आणि तक्रार केली तर समोरचा म्हणतो, ‘फाटक तर मोकळे आहे.’ अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला विसरू नका.

आणखी एक गोष्ट. चाकातली हवा सोडणे, काचेवर चिकटपट्टीने कागद डकवणे, वायपर वाकवणे यांतले काहीही करू नका. दुसऱ्याच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली गुन्हा आहे. चूक त्यांची असताना गुन्हा तुमच्यावर नोंदवला जाईल, आणि हवा नसलेली गाडी तुमच्याच फाटकासमोर आणखी दोन दिवस उभी राहील.

प्रश्न : परदेशात रहिवाशांना रस्त्यावर गाडी लावण्याचा परवाना मिळतो असे ऐकतो. आपल्याकडे असा परवाना कोणाकडे मागायचा?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी परवान्याने काय मिळते ते पाहू. लंडनमध्ये नियंत्रित पार्किंगचे विभाग आखलेले असतात. त्या विभागात राहणाऱ्याला तिथल्या पट्ट्यात गाडी लावण्याची परवानगी मिळते, ठरावीक जागा मिळत नाही. रात्री उशिरा घरी आलात आणि पट्टा भरलेला असेल तर परवाना खिशात ठेवून पुढच्या गल्लीत जागा शोधावी लागते. जपानने दुसरे टोक गाठले. तिथे १९६२ च्या कायद्यानुसार मोटार घेणाऱ्याने गाडी ठेवायची जागा आधी दाखवावी लागते. ती राहत्या ठिकाणापासून दोन किलोमीटरच्या आत हवी, आणि दाखला पोलीस देतात. रस्त्यावर एकाच जागी दिवसा १२ तास किंवा रात्री ८ तासांहून अधिक गाडी ठेवणे तिथे बेकायदा आहे.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये गाड्या उभ्या करण्याच्या जागा आणि मुदत ठरवण्याचा अधिकार आहे. राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून तो वापरतो. त्यामुळे रहिवासी परवान्याची योजना आणायची तर महापालिकेचे धोरण आणि पोलिसांची अधिसूचना दोन्ही लागतात. दिल्लीने सप्टेंबर २०१९ मध्ये पार्किंगचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले, त्यात वस्तीनिहाय आराखड्याची तरतूद आहे. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये सार्वजनिक पार्किंग धोरण मंजूर केले, पण रस्त्यावर गाडी लावायला पैसे घेण्याला तीव्र विरोध झाला. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात पार्किंगचे शुल्क त्या जमिनीच्या किमतीशी सुसंगत असावे असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या मनात मात्र रस्त्यावरची जागा अजूनही फुकटचीच आहे, आणि तिढा तिथेच आहे. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे सांगितले होते. पण घोषणा आणि अधिसूचना यांत फरक असतो. अर्जात आधार अधिसूचनेचाच द्यावा.

तुमच्या गल्लीपुरती योजना हवी असेल तर मागणीपत्राआधी हिशेब करा. कडेला समांतर लावलेल्या एका मोटारीला पुढची-मागची फट धरून ६ मीटर लांबी लागते. गल्ली ३०० मीटरची आहे असे धरू. विनियम २२ प्रमाणे चौकाच्या कडेपासून ५० मीटरपर्यंत गाडी लावता येत नाही. दोन्ही टोकांचे १०० मीटर गेले, उरले २००. सहा फाटके, प्रत्येकी ५ मीटर, म्हणजे ३० गेले. विजेचा डीपी आणि कचरा उचलण्याची जागा मिळून आणखी ८ मीटर. उरलेल्या १६२ मीटरांत एका बाजूला २७ गाड्या बसतात. आता सलग तीन रात्री, २ ते ५ च्या दरम्यान, उभ्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे लिहून काढा. या वेळी दिसतात त्या रहिवाशांच्या गाड्या. दुपारी मोजाल तर दुकानात आलेल्यांच्याही धराल. रात्री ७० गाड्या निघाल्या तर २७ जागांसाठी ७० परवाने देणे ही शुद्ध फसवणूक होईल. अशा वेळी शाळेचे मैदान, मंगल कार्यालयाचे आवार, मंडईची गच्ची रात्रीपुरती भाड्याने मिळते का, हे आधी पाहावे. परवाना नवी जागा निर्माण करत नाही.

प्रश्न : आमची गल्ली कागदावर ९ मीटरची आहे. दोन्ही बाजूंना मोटारी लागतात. रुग्णवाहिका अडकली होती, अग्निशमनाची गाडी येईल का अशी भीती वाटते. एका बाजूचे पार्किंग किंवा सम-विषम करून घेता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : करून घेता येईल, आणि हे काम सगळ्यांत आधी करा. पहिल्यांदा टेप घेऊन रस्ता मोजा. कागदावरचे ९ मीटर हे या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंतचे असतात. त्यातून फूटपाथ, गटार आणि विजेचे खांब वजा केले की वापरता येण्याजोगा रस्ता साडेसहा मीटरच्या आसपास उरतो. मोटारीची रुंदी पावणेदोन मीटर धरा. आरसे, गटारापासूनचे अंतर आणि दार उघडायला लागणारी जागा मिळून एक रांग सव्वादोन मीटर खाते. दोन रांगा म्हणजे साडेचार. मध्ये उरतात दोन मीटर. अग्निशमनाची गाडी साधारण अडीच मीटर रुंद असते. म्हणजे तुमची भीती खरी आहे. एकाच बाजूला रांग ठेवली तर सव्वाचार मीटर मोकळे राहतात आणि गाडी निघून जाते.

अडचण बहुधा सरळ रस्त्यावर येत नाही, ती कोपऱ्यावर येते. लांब वाहन वळताना मागची चाके आतल्या बाजूला येतात. कोपऱ्यापासून एका मोटारीइतक्या अंतरावर कोणी गाडी लावली असेल तर वळण पूर्ण होत नाही आणि गाडी मागे-पुढे करण्यात वेळ जातो. म्हणून अर्जात कोपऱ्यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करा.

सम-विषम, म्हणजे पी-१ आणि पी-२, हा पर्याय पुण्यात जुना आहे. विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला दुसरी. दुकानांच्या रस्त्याला तो ठीक चालतो. निव्वळ राहत्या गल्लीत त्याचा एक घोळ होतो. रात्री ९ वाजता योग्य बाजूला लावलेली गाडी १२ वाजता तारीख बदलल्याबरोबर चुकीच्या बाजूची होते. मध्यरात्री उठून गाडी कोण हलवणार? मग रात्रभर दोन्ही बाजू भरलेल्या राहतात, म्हणजे नेमक्या धोक्याच्या वेळी रस्ता बंद. तुमच्या गल्लीला कायमची एक बाजू मागा. सम-विषमच हवे असेल तर बदलाची वेळ सकाळची ठेवावी आणि ती फलकावर लिहावी अशी मागणी करा.

अर्ज वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना, स्थानिक वाहतूक विभागामार्फत करायचा. प्रत महापालिका आयुक्त आणि अग्निशमन अधिकारी यांना. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा, त्यावर दर ३० मीटरला मोजलेली रुंदी लिहा. सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ११ या वेळांचे फोटो एकाच जागेवरून काढलेले असावेत. कोणती बाजू मोकळी ठेवावी ते तुम्हीच सुचवा. जिकडे फाटके जास्त तिकडे ‘नो पार्किंग’ मागितले तर कमी जागा वाया जातात. आदेश निघण्याआधी हरकती आणि सूचना मागवल्या जातात, त्या वेळी गप्प राहू नका. विरोध करणारे तेव्हा लेखी हरकत देतात आणि बाजूने असलेले घरी बसतात, मग फायलीत विरोधच दिसतो.

प्रश्न : ‘नो पार्किंग’चा फलक नसलेल्या जागेवरून माझी मोटार उचलून नेली. दंड भरावा लागला. दाद मागता येते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : गाडी नेमकी कुठे होती यावर ते ठरेल. काही जागांवर फलकाची गरजच नसते: फूटपाथ, सायकल मार्ग, झेब्रा पट्टे, चौकाजवळचा भाग, बस थांबा, शाळा किंवा रुग्णालयाचे प्रवेशद्वार, उभ्या गाडीच्या शेजारी दुसरी गाडी. तिथून गाडी उचलली असेल तर फलकाचा मुद्दा टिकणार नाही. मनाई केवळ अधिसूचनेने घातलेली असेल, तर ती अधिसूचना आणि फलक दोन्ही असायला हवेत. वाहतूक शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांच्या शुल्कासह माहिती अधिकाराचा अर्ज करून त्या रस्त्याच्या अधिसूचनेची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. फलक वाचतानाही चूक होते. निळ्या गोलावर एक तिरपी लाल रेघ म्हणजे गाडी लावायला मनाई. दोन रेघांची फुली म्हणजे थांबायलाही मनाई, चालक आत बसलेला असला तरी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार गाडी उचलण्याचा किंवा चाकाला जॅमर लावण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या आदेशाने वापरायचा असतो. टोइंगच्या गाडीवरचे कंत्राटदाराचे कामगार स्वतःहून ठरवून गाडी उचलू शकत नाहीत. मात्र उचलणे नियमाप्रमाणे असेल तर टोइंगचा खर्च मालकावरच पडतो, दंड वेगळा. कलम १७७ खाली हा दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर १५०० रुपयांपर्यंत आहे.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. पुढून उचललेल्या मोटारीचा हँडब्रेक ओढलेला असेल तर मागची चाके फिरत नाहीत, ती डांबरावर घासत जातात. टायरवर एकाच ठिकाणी तळव्याएवढा सपाट, काळाभोर डाग दिसतो. तो पाहा, बंपरच्या खालची कड हात फिरवून तपासा. दुचाकी असेल तर हँडल लॉक, साइड स्टँड आणि सायलेन्सर बघा. नुकसान असेल तर तिथेच फोटो काढा आणि पावतीवर लिहून सही करा. गाडी बाहेर नेल्यावर केलेली तक्रार सिद्ध करणे फार कठीण जाते.

ई-चलनाबाबत केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ लक्षात ठेवा: कॅमेऱ्यासारख्या उपकरणाने नोंदलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवायची असते. फोटोत जागा, तारीख, वेळ आणि नंबर प्लेट नीट दिसते का पाहा. दिसत नसेल किंवा गाडी दुसऱ्याचीच असेल तर दंड भरण्याआधी महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. दंड भरून टाकला की तक्रारीतला जोर जातो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ४० सदनिका आणि इमारतीखाली २६ मोटारींची जागा. बिल्डरने काहींना जागा ‘विकल्या’ आहेत, काही घरांत दोन-दोन गाड्या. बाकीचे रस्त्यावर. वाटप कसे करावे?
– सोसायटीचे सचिव, पिंपरी-चिंचवड

उत्तर : रस्त्यावरचे निम्मे भांडण अशाच सोसायट्यांतून बाहेर पडते, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

आधी विक्रीचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात १९६३ च्या मोफा, म्हणजे सदनिकांच्या बांधणी-विक्रीविषयीच्या कायद्याखाली निर्णय दिला. स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली मोकळी जागा गॅरेज नव्हे, ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. तुमची इमारत त्या काळातली असेल तर ‘विकलेल्या’ जागांचा दावा कमकुवत आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पात उघड्यावरचे पार्किंग सामाईक क्षेत्रात मोडते, ते विकता येत नाही. आच्छादित पार्किंगचा व्यवहार करारात असू शकतो. त्या कायद्याखालच्या राज्यातील प्राधिकरणाने, महारेराने, एप्रिल २०२४ मध्ये अशा जागेची लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण करारात नमूद करायला सांगितले. तेव्हा प्रत्येक सदनिकेचा करार आणि मंजूर नकाशा समोर ठेवून बसा. तोंडी सांगितलेले आणि पिवळ्या रंगात खांबावर लिहिलेले नंबर बाजूला ठेवा.

मग जागा मोजा. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीसाठी २.५ मीटर × ५ मीटर आणि दुचाकीसाठी १ मीटर × २ मीटर अशी मापे आहेत. मंजूर नकाशात २६ असले तरी प्रत्यक्षात दोन-तीन ठिकाणी खांब, पाण्याचा पंप किंवा मीटरची खोली जागा खाते. खांबाला लागून असलेल्या जागेत चालकाच्या बाजूचे दार उघडते का, ते गाडी उभी करूनच बघा. जिथे उघडत नाही ती जागा लहान गाडीसाठी वेगळी नोंदवा. नाहीतर सोडतीत ती ज्याला लागेल तो दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन येईल.

वाटपाची पद्धत गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींच्या क्रमांक ७८ ते ८४ मध्ये आहे. सार इतके: धोरण सर्वसाधारण सभा ठरवते, कमिटी नव्हे. एका सभासदाला एकच जागा. स्वतःच्या नावावर गाडी असेल तोच पात्र, म्हणून अर्जासोबत आरसीची प्रत घ्या. गाड्या जागांपेक्षा जास्त असतील तर दरवर्षी सोडत. सगळ्यांना एकेक देऊन जागा उरली तरच दुसरी गाडी, तीही वर्षापुरती. शुल्क सर्वसाधारण सभा ठरवेल ते.

४० अर्ज आले तर २६ जणांना जागा मिळेल आणि १४ बाहेर राहतील. पुढच्या वर्षी तीच सोडत कोऱ्या पाटीने काढली तर कोणी सलग तीन वर्षे बाहेर राहू शकतो, आणि सोसायटीतला अबोला तिथून सुरू होतो. त्यासाठी सभेत ठराव करून घ्या: गेल्या वर्षी बाहेर राहिलेल्या १४ जणांना या वर्षी आधी जागा, उरलेल्या १२ जागांसाठी बाकीच्या २६ जणांत सोडत. चिठ्ठ्या सभेतच, सगळ्यांसमोर काढाव्यात आणि निकाल त्याच दिवशी इतिवृत्तात लिहावा. दुसऱ्या गाडीचे शुल्क पहिल्यापेक्षा ठळकपणे जास्त ठेवा. अपंग सभासदाला लिफ्टजवळची जागा सोडतीत न घालता द्यावी असे आमचे ठाम मत आहे. तसा ठराव आधी मंजूर करून घ्या. वाद मिटलाच नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येते. पण एका जागेसाठी तिथे जाणारी वर्षे पाहता सभेत चार तास बसणे परवडते.

प्रश्न : आमच्या कोपऱ्यावर एक जुनी मोटार दोन वर्षांपासून पडून आहे. हलवायची कशी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी कलम १२७ खाली हलवता येते, दोन वर्षांची गोष्टच नको. नंबर प्लेट, बसलेले टायर, चाकाभोवती उगवलेले गवत यांचे फोटो काढा. क्षेत्रीय कार्यालयाच्या अतिक्रमण विभागाला आणि वाहतूक शाखेला लेखी कळवा. पोलीस ठाण्यालाही एक प्रत द्या, कारण अशा गाड्यांत चोरीच्या गाड्या निघतात. भंगारवाल्याला परस्पर बोलावू नका. मालक उद्या उगवला तर चोरीचा आळ येईल.

प्रश्न : जागा नसल्याने गाडी रस्त्यावरच असते. रात्री कोणीतरी धडकून दार चेपवले. विमा मिळेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फक्त तृतीय पक्षाचा विमा असेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसी किंवा स्वतःच्या नुकसानीचे वेगळे संरक्षण हवे. गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, एक फोटो लांबून घ्या ज्यात रस्ता आणि आसपासची घरे दिसतील. समोरच्या दुकानातील किंवा सोसायटीतील कॅमेऱ्याचे चित्रण त्याच दिवशी मागा. काही दिवसांनी त्यावर नवे चित्रण चढते. विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत गॅरेजमध्ये काम सुरू करू नका. नुकसान किरकोळ असेल तर दावा करण्याआधी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, किती जाईल ते विचारा. दाराच्या लहानशा पोच्यासाठी तो घालवणे अनेकदा तोट्याचे पडते. रस्त्यावरची गाडी चोरीला गेली तर कंपनी दोन्ही चाव्या मागते. दुसरी चावी कुठे आहे ते आजच पाहून ठेवा.